कानबाई निघाली मागच्या दारानं

"आज अण्णांना एकही प्रश्न विचारू द्यायचा नाही!" असा पण रंजिता सरोदेनं सकाळी दात घासतानाच केला होता, आणि तिचे पण सहसा मोडत नसत. बऱ्हाणपुरातल्या केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात ती मॅनेजर होती. उकळत्या तेलाच्या कढया, हातात सुऱ्या घेतलेल्या बायका आणि विनाकारण ओरडणारा शेठ हे सगळं जी रोज सांभाळते, तिला एक निवृत्त बाप सांभाळता येऊ नये?

बाप साधा नव्हता, एवढंच. मोतीराम सरोदे, म्हणजे अण्णा, यांची सगळी नोकरी कागदाच्या मिलमध्ये आग विझवणाऱ्या खात्यात झाली होती. जिकडे बघावं तिकडे कागद! तिथं कुणाच्या कानावर विडी दिसली तरी अण्णांना घाम फुटायचा. निवृत्त होऊन ते बऱ्हाणपूरला आले, मिल मागे राहिली, घाम तेवढा बरोबर आला. कुठल्याही इमारतीत शिरले की ते उंबऱ्यातच थांबायचे आणि समोर जो कुणी असेल त्याला खणखणीत आवाजात विचारायचे,

"दुसरं दार कुठं आहे? आणि ते उघडतं का?"

बँकेत विचारायचे, दवाखान्यात विचारायचे. थेटरात दिवे मालवल्यावर विचारायचे, तेव्हा मागच्या रांगेतली माणसं त्यांना पहिलं दार दाखवायची! रंजितासाठी स्थळ बघायला खंडव्याला गेले, मुलाच्या आईनं चहाचा ट्रे पुढं केला आणि अण्णांनी दुसरं दार विचारलं. त्या माउलीला वाटलं, हे पळून जायच्या बेतात आहेत. स्थळ तिनंच मोडलं.

तर त्या दिवशी रंजिताच्या चुलत बहिणीचा, दीपालीचा, साखरपुडा होता. देडतलाईचं नवंकोरं मंगल कार्यालय. गाडीत बसल्याबसल्या रंजितानं तंबी दिली.

"अण्णा, आज कुणाला काही विचारायचं नाही हं!"

"बरं."

"असं नुसतं बरं नको. शपथ घ्या."

"घेतली."

"आई, तू लक्ष ठेव यांच्यावर."

"मी लग्नापासून ठेवतेय," ताराबाई म्हणाल्या. "अंतरपाट खाली आला, तर हे माझ्याकडं बघेनात! मांडवाला मागून वाट आहे का, ते बघत होते. मला वाटलं, मी पसंत नाही."

"होतीस की," अण्णा म्हणाले. "पण मांडव ताडपत्रीचा होता."

अण्णांनी शपथ पाळली. हारतुरे झाले, अंगठ्या झाल्या, अण्णा शहाण्या बाळासारखे खुर्चीत. रंजितानं सुटकेचा श्वास सोडला आणि बासुंदीची वाटी उचलली. एवढ्यात स्टेजमागून असा आवाज आला, की जणू कुणी भांड्यांचं दुकान जिन्यावरून ढकललं! थर्माकोलचा मोर डुलला, वाकला आणि नवऱ्या मुलाच्या मामाच्या मांडीवर येऊन बसला. मोराच्या जागी एक दार दिसू लागलं. दाराशी ढासळलेल्या खुर्च्या. खुर्च्यांत दोन आचारी आणि अण्णा. दार उघडलेलं, आणि दाराबाहेर जी म्हैस बांधलेली होती तिनं कुतूहलानं आत डोकं घातलेलं! साखरपुड्याच्या फोटोत ती आजही आहे. नवऱ्या मुलाच्या खांद्यामागं, चेहरा प्रसन्न.

"अण्णा!" रंजिता ओरडली नाही, तिच्या डोळ्यांनी ओरडून घेतलं.

"मी प्रश्न कुठं विचारला?" अण्णा लांबूनच, हातवारे करत म्हणाले. "मी स्वतः शोधलं!"

रंजिता हळूच सरकत मुलाकडच्या बायकांत जाऊन उभी राहिली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या वो?"

"मुलाकडची," रंजिता म्हणाली.

परत येताना गाडीत अण्णा खूष होते. निंबोल्याच्या फाट्याजवळ त्यांनी मागं वळून विचारलं, "तुझ्या कारखान्याचं दुसरं दार कुठं आहे?"

"आहे मागं."

"उघडतं का?"

"बघते."

"बघ," अण्णा म्हणाले, आणि वाटेत गाडी थांबवून मावाजिलबी घेतली. घरी आल्यावर ओट्यावर बसून तिघांनी ती खाल्ली. दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी चहाला हाक मारली, तर अण्णा उठले नाहीत. झोपेतच गेले. जन्मभर दुसरं दार विचारणारा माणूस. आपण कुठल्या दारानं गेलो, ते घरात कुणाला कळूही दिलं नाही.

*

सगळे दिवस-कार्य आटोपून रंजिता कामावर आली ती पर्स ठेवायलाही न थांबता सरळ कारखान्याच्या मागच्या टोकाला गेली. पुढचं दार कढयांच्या बाजूला होतं आणि सगळी ये-जा तिथूनच. मागं दुसरं दार असल्याची वदंता होती. मिठाच्या गोण्या, तेलाचे रिकामे डबे, मोडका वजनकाटा आणि शेठच्या वडिलांची स्कूटर, जी जागची हलत नव्हती आणि मायेपोटी भंगारातही जात नव्हती, एवढा डोंगर ओलांडल्यावर ते दार खरोखरच दिसलं. त्याला कुलूप होतं. कुलपाला गंज होता. किल्ली शेठकडं असेल म्हणून ती श्रीकांतशेठकडं गेली.

"मॅडम, ते दार दक्षिणेला आहे," शेठ म्हणाले.

"माहीत आहे."

"दक्षिण म्हणजे यमाची दिशा! वास्तुवाल्यानं सांगितलंय, ते दार उघडलं की लक्ष्मी बाहेर जाईल."

"लक्ष्मी शहाणी आहे, शेठ. आग लागली तर ती काय कढईजवळ थांबणार आहे?"

शेठनं कानाला हात लावला. "असं अभद्र बोलू नका हो!"

"आणि श्रावणात तपासणी आहे. तो नवा इन्स्पेक्टर इंदूरहून येतो. दुसरं दार उघडलं नाही की जागच्या जागी टाळं ठोकतो म्हणे. ऐन उपासाच्या दिवसांत वेफर्स बंद."

शेठचा चेहरा साबुदाण्यासारखा झाला. वर्षभर जेवढे वेफर्स खपत नाहीत तेवढे श्रावणात खपतात. यमापेक्षा इन्स्पेक्टर जवळचा! बराच विचार करून त्यांनी तोड काढली, "ठीक आहे. पण त्या दारानं फक्त बाहेर जायचं. आत कुणी यायचं नाही!"

"ते दार त्याचसाठी असतं, शेठ."

मग रंजिताला चेव चढला. गोण्या हलल्या. डबे हलले. स्कूटरला हार घालून शेठच्या बंगल्यावर पोचवण्यात आलं. कुलूप तोडलं, दार काढून असं बसवून घेतलं की आडवा दांडा ढकलला की ते बाहेर उघडावं. किल्ली नको, कडी नको. दारासमोरची जागा झाडून, धुऊन, पिवळ्या रंगानं रंगवली. वर हिरवा दिवा असलेली पाटी लावली. साऱ्या कारखान्यात जिथं तेलाचा एक थेंब नाही, सालीचा एक तुकडा नाही, अशी ती एकच जागा. इतकी स्वच्छ, की येता-जाता बायका तिच्याकडं बघून थबकत. रंजिताला वाटायचं, व्वा, सुरक्षिततेची जाणीव होतेय!

हे तिचं वाटणं लक्षात ठेवा.

दार तयार झालं. आता माणसं तयार करायची होती. सुपरवायझर मोहित म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो. मॉकड्रिल आपण एकदम परफेक्ट करून टाकू!"

पहिल्या तालमीला घंटा वाजवली. सगळ्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या, हात धुतले आणि डबे उघडून जेवायला बसल्या. कारण त्या कारखान्यात घंटा आजवर एकाच गोष्टीसाठी वाजली होती.

दुसऱ्या तालमीला घंटेऐवजी भोंगा वाजवला. बायका उठल्या, धावल्याही. पण धावल्या पुढच्या दाराकडं, कढयांच्या बाजूला, कारण चपलांचं कपाट तिथं होतं! आत चपला चालत नाहीत, हा रंजितानंच केलेला नियम. कपाटाशी अशी झुंबड उडाली, की आठवडी बाजारात फुकट कांदे वाटतायत असं वाटावं.

"चपला सोडा!" रंजिता ओरडली. "आग लागलीय समजा!"

"मनी नवी चप्पल शे वो मॅडम!" भागाबाई गर्दीतूनच ओरडली. कारखान्यातली ही सगळ्यात जुनी बाई. डोईफोडिया गावची लेक, बोलली की छपरावरचे कावळे उडायचे. "आग इझी जाई, चप्पल कोन देई?"

"बरं, मागच्या दारानं तर चला!"

मग भागाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मांगना दारथून चोर जातस मॅडम. आम्ही काय चोरी करी?"

रंजितानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं अण्णा दिसले, आचाऱ्यांसोबत खुर्च्यांत पडलेले आणि खूष. तिनं डोळे उघडले आणि तालीम तिथंच थांबवली.

*

इन्स्पेक्टर सोमवारी दुपारी येणार होता. रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी रंजिता जरा लवकर आली, आत शिरली, आणि मागच्या टोकाकडं बघून तिच्या हातातला डबा निसटला.

दार नव्हतं!

दाराच्या जागी केळीचं रान उभं होतं. केळीच्या कारखान्याला केळीच्या खांबांचा काय तोटा? चांगले पुरुषभर उंचीचे खांब, आंब्याची तोरणं, झेंडूच्या माळा, पिवळ्या रंगावर गालिच्यासारखी रांगोळी, आणि मधोमध चौरंगावर नथ घातलेली, डोळे लावलेली, गजऱ्यांत बुडालेली नारळाची कानबाई, खानदेशची श्रावणातली देवी! हिरव्या पाटीचा उजेड नेमका तिच्या मुखावर पडला होता. खरं सांगायचं तर फार देखणी दिसत होती.

सगळ्या बायका नवी लुगडी नेसून गोळा झाल्या होत्या. रंजिताला बघताच गाणं थांबलं.

"भागाबाई, हे काय?"

"कानबाई शे, मॅडम. काल बसाडी."

"ते दिसतंय! पण इथं?"

भागाबाईनं पदर सावरला. तिच्या घराचं स्लॅबचं काम निघालेलं. घरात वाळू, अंगणात सळया. दरसाल श्रावणात रविवारी बसणारी कानबाई यंदा बसवायची कुठं? "मंग येवढी सोवळी, सुंदर जागा दुसरी कोठे शे? तुम्ही सोता धुयी, सोता रंगाडी. वर दिवाबी लाया! आम्हले वाटनं, मॅडमनी देवनीच जागा करी."

"मला एका शब्दानं विचारायचं!"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. भागाबाईचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला, की रंजिताला पुढं वाकावं लागलं. "तुमना घर यंदा सन नही, माय. तुमना अण्णा गयात. तुमले देवनं इचारीसन कसं दुखाडू? म्हनीसन शेठले इचारं."

शेठनं तर आनंदानं होकार दिला होता. दक्षिणेच्या दारापुढं साक्षात देवी! यम तिकडं, लक्ष्मी इकडं.

मायेनं घातलेला घोळ तो! रागवायचं तरी कुणावर? रंजिता एवढंच म्हणाली, "विसर्जन कधी?"

"आते आरती, मंग विसर्जन. वाजंत्रीवाला फाटकजोडे उभा शे."

"म्हणजे दुपारच्या आत दार मोकळं?"

"एकदम!"

रंजितानं घाम पुसला. दुपारला वेळ होता. वाईट तर काही झालं नव्हतं. आणि अगदी त्याच क्षणी मोहित धापा टाकत आला.

"मॅडम! इन्स्पेक्टरसाब आ गए! म्हणतात, रस्त्यात ट्राफिकच नव्हता!"

*

निरंजनसाहेब हा गृहस्थ इस्त्रीसकट जन्मला असावा. शर्टाची घडी मोडलेली नाही, चेहऱ्याचीही नाही. चप्पलकपाटाशी त्यांनी नियमाप्रमाणं बूट काढले, मोज्यांवर आत आले आणि पहिल्या वाक्यात म्हणाले, "इमर्जन्सी एग्झिट दिखाइए."

"साहेब, आधी चहा..."

"एग्झिट."

रंजितानं आयुष्यात प्रथमच शेठसारखा चेहरा केला. ती त्यांना मागं घेऊन गेली. साहेबांनी हिरवी पाटी पाहिली. पाटीखाली कानबाई पाहिली. हात आपोआप जोडले गेले. जोडून झाल्यावर मात्र त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"दरवाजा कहाँ है?"

"मागं आहे, साहेब. देवीच्या मागं. थोड्या वेळात विसर्जन आहे, मग..."

"मॅडम, आग क्या विसर्जन तक रुकेगी?"

हेच वाक्य तिच्या बापानं निराळ्या शब्दांत जन्मभर म्हटलं होतं, आणि आज ते मोजे घातलेल्या परक्या माणसाच्या तोंडून तिला ऐकावं लागत होतं! पेनचं टोपण उघडलं. रंजिताच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गोष्टी सरकल्या: टाळं लागलेलं फाटक, घरी बसलेल्या बायका, भागाबाईचा अर्धा स्लॅब, आणि गाडीत मागं वळून बघणारे अण्णा. "उघडतं का?" "बघते."

तेवढ्यात पुढून धूर आला.

साधासुधा नाही! काळपट, ओला, खोकवणारा धूर, कढयांच्या बाजूनं लोळ लोळ आत शिरत होता. कुणीतरी किंचाळलं. रंजिता क्षणभर खिळली, आणि दुसऱ्या क्षणी धावली ती गॅसच्या मोठ्या कॉककडं. कॉक बंद केला. कढयांखालच्या ज्वाला भुस्सकन गेल्या. धुरातून पुढचं दार दिसेनासं झालं होतं. भोंगा कुणी वाजवला कळलं नाही, पण तो रेकत होता.

बायका आधी सवयीनं चपलांकडं धावल्या, धुरानं परत फिरल्या, मागं आल्या, आणि कानबाईपुढं येऊन अशा थबकल्या, की जणू भिंत लागली. बसलेली देवी ओलांडायची कशी? खांबांना धक्का लावायचा कुणी? मागून धूर, पुढं देवी, मधे साऱ्या बायका आणि एक इन्स्पेक्टर!

"हटाओ ये सब!" साहेब ओरडले. एकही बाई हलली नाही. साहेबांनी स्वतः हात पुढं केला आणि भागाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की हात आपला आपण खिशात गेला.

भागाबाईनं हात जोडले. "माय, आते तूच वाट दखाड!"

आणि रंजिताला वाट दिसली! स्वच्छ, सरळ, गाण्याच्या ओळीसारखी!

"भागाबाई!" तिनं सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली. "कानबाईला उचला! विसर्जन आत्ताच!"

"आरती नही व्हयनी वो..."

"नदीवर करू!"

"पन हाई दार... दक्षिनले..."

"तापी कुठल्या अंगाला आहे?"

भागाबाईचं तोंड उघडं राहिलं. मग डोळे मोठे झाले. मग आख्खा चेहरा उजळला. "दक्षिनले!"

"मग?"

"चाल वो माय!" भागाबाई गरजली. चौरंग उचलून तिनं डोक्यावर घेतला. "कानबाई माता की..."

"जय!"

रंजितानं दोन खांबांच्या मधून शिरून दांडा ढकलला. दार कुरकुरलं नाही, अडलं नाही. एका झटक्यात बाहेर उघडलं आणि आत स्वच्छ उजेड आला! मघाशी वाट अडवणारे केळीचे खांब आता कमान झाले. पुढं कानबाई, तिच्यामागं भागाबाईची पाठ, तिच्यामागं साऱ्या जणी. ढकलाढकली नाही, रेटारेटी नाही. देवीच्या पुढं जायचं कुणी? चपलांची आठवण नाही. देवीमागं अनवाणीच चालतात! मागचं दार चोरांचं असं कुणी म्हटलं नाही; खुद्द कानबाई तिथून चालली होती! दोन तालमींत जे रंजिताच्या भोंग्याला जमलं नाही, ते नथ घातलेल्या एका नारळानं जमवलं. गाणं सुरू झालं. खोकत, टाळ्या वाजवत, गात कारखाना रिकामा होत होता.

निरंजनसाहेब मधेच सापडले. मागून कुणीतरी त्यांच्या हातात समई दिली, पुढून कुणीतरी कपाळाला हळदकुंकू माखलं. ते मोज्यांवर, समई सावरत, नाइलाजानं टाळ्यांच्या तालावर पावलं टाकत बाहेर आले. शेवटी रंजिता. सगळीकडं नजर फिरवून, आत एकही माणूस नाही हे बघून, मग ती.

फाटकापाशी उभ्या वाजंत्रीवाल्यांनी गाणं ऐकलं. कानबाई आपल्याला सोडून निघाली की काय! ते ढोल छातीशी धरून इमारतीला वळसा घालत पळत आले आणि पळतापळताच वाजवायला लागले. श्रीकांतशेठची गाडी नेमकी तेव्हा आली. त्यांना पुढून धूर दिसला, मागून ढोल ऐकू आला.

"कारखाना पेटलाय," ते रस्त्यातच ओरडले, "आणि यांनी वाजंत्री लावलीय!"

ते धावत मागं आले. उघडं दार पाहिलं आणि मटकन बांधावर बसले. "दक्षिणेचं दार... लक्ष्मी गेली हो!"

"लक्ष्मी नही शेठ, कानबाई गई," भागाबाईनं चौरंगाखालून सांगितलं. "आनि ती दरसाल येस. रडू नका!"

आता आगीचं काय? रंजितानं बादली उचलली आणि तोंडाला ओढणी बांधून ती बाहेरून पुढच्या दाराशी पोचली. तिथं धुराच्या ढगात एक आकृती घमेल्यावर पुठ्ठ्यानं वारा घालत होती. घमेल्यात केळीची ओली पानं आणि एक तेलकट गोणपाट.

"मोहित!"

"मॅडम!" मोहितचे डोळे लाल, मिशी काळी, चेहरा कर्तबगार. "कैसा लगा? साहेब आले म्हणून म्हटलं, ड्रिलमध्ये थोडा रिअल फील पाहिजे. बिना धुएँ के मजा नहीं आता ना!"

रंजितानं बादली रिकामी केली. घमेल्यावर की मोहितवर, याबद्दल कारखान्यात आजही दोन मतं आहेत.

परत मागं आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांची मोजणी घेतलेली होती. कपाळावर हळद, हातात अजून समई, मोजे चिखलात. ते उघड्या दाराकडं वळले.

"मॅडम," ते म्हणाले, "बडी-बडी कंपनियों में भगदड़ होती है. यहाँ... जुलूस निकला."

"हो, साहेब."

"धक्का तक नहीं लगा किसी को."

"नाही, साहेब."

"अगले साल देवी को दूसरी जगह बिठाइए." त्यांनी समई भागाबाईच्या हाती दिली. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, "और ये दरवाजा... किसका आइडिया था?"

रंजिताच्या तोंडाशी नाव आलं. तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "आमच्या घरातल्याच एकांची, साहेब."

साहेबांनी कारखाना पास केला. बूट मात्र पुढच्या दाराशी होते. ते न्यायला त्यांना पूर्ण वळसा घालावा लागला, कारण मागच्या दारानं आत कुणी जायचं नाही, ही शेठची अट, आणि ती अट राखायला शेठ आता स्वतः दारात आडवे उभे होते!

*

दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्यांना जेवायला नेलं. लक्ष्मी गेली नाही; उलट, कानबाई निघालेल्या कारखान्याचे वेफर्स म्हणून दुकानदारांचे सकाळपासून फोन येत होते. शेठ आता दक्षिण दिशेबद्दल सगळ्यांना समजावून सांगत होते.

हॉटेल चौकातलं. पहिल्या मजल्यावर फॅमिली हॉल, वर जायला एकच जिना, तोही असा अरुंद की भागाबाईला आडवं होऊन चढावं लागलं. लांबलचक टेबलं लागली होती. बायका नव्या लुगड्यांत, नव्या चपलांत, खुर्च्यांवर मांडी घालून बसल्या. मोहितनं मिशी धुतली होती. मांडे आले, आमरस तर आता मिळेना म्हणून बासुंदी आली. शेठनं हाक मारली, "मॅडम, बसा! आज मानाची खुर्ची तुमची!"

रंजिता हॉलच्या उंबऱ्यात उभी होती. ती बसेना.

तिची नजर भिंतीवरून फिरत होती. कूलर. कूलरमागं थंड पेयांच्या रिकाम्या क्रेट्सची थप्पी. थप्पीमागं, हो, चौकटीसारखं काहीतरी. आयुष्यभर प्रत्येक बँकेत, प्रत्येक थेटरात, त्या देडतलाईच्या कार्यालयातसुद्धा, अण्णांनी तोंड उघडण्याआधीच तिनं ते शोधलेलं असायचं. कुणाला सांगितलं मात्र कधीच नव्हतं. अण्णांनाही नाही.

"मॅडम, बैठिए ना," वेटर म्हणाला. "क्या लाऊँ?"

रंजितानं घसा खाकरला. आणि साऱ्या हॉलला, खालच्या गल्ल्यावरच्या मालकाला, समोरच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं विचारलं,

"दुसरं दार कुठं आहे?"

हातातले मांडे हातात राहिले. शेजारच्या टेबलावरचं परकं कुटुंब वळून बघायला लागलं. मोहितनं मेनूकार्ड तोंडासमोर धरलं आणि आपण या बाईबरोबर आलेलोच नाही, असा चेहरा केला. त्याला ते छान जमलं. रंजितालाही पूर्वी जमायचं.

"जी?" वेटर म्हणाला.

"दुसरं दार!" रंजिता म्हणाली. डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती. "आणि ते उघडतं का?"